कागदावर नसलेलं भाषण

28 ऑगस्ट 1963 च्या दुपारी, काळ्यांच्या नागरी हक्कांसाठीच्या मोर्चाच्या वेळी, वॉशिंग्टनमधल्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर जॉर्ज रॅव्हलिंग नावाचा सव्वीस वर्षांचा बास्केटबॉलपटू स्वयंसेवक म्हणून उभा होता. मार्टिन ल्यूथर किंग भाषण संपवून वळले, तेव्हा त्याने त्यांना विचारलं, ही पानं मला मिळतील का? किंगनी हातातली टंकलेली पानं त्याला देऊन टाकली. त्या पानांवर तपशील आहेत, मागण्या आहेत, कृष्णवर्णीयांना अमेरिकेने दिलेल्या न वटलेल्या चेकचा दाखला आहे. पण जगाने ते भाषण ज्या शब्दांनी लक्षात ठेवलं, ते ‘आय हॅव अ ड्रीम’ हे शब्द मात्र त्या पानांवर एकदाही नाहीत.

ही गोष्ट मला जितकी आठवते तितकी ती जास्त नवलाची वाटते. समोर अडीच लाखांच्या आसपास माणसं बसलेली. दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू. दिवसभर एकामागून एक वक्ते झालेले, लोक उन्हाने थकलेले, काही तर समोरच्या जलाशयात पाय सोडून बसलेले. अशा वेळी चौतीस वर्षांचा एक माणूस तयार मजकूर अर्ध्यात सोडतो, आणि पुढची पाच मिनिटं जे बोलतो ते इतकं घडीव, इतकं पूर्ण असतं की पाठ केलेल्या कवितेसारखं वाटावं. त्याच क्षणी सुचलेल्या गोष्टीला असा घाट कसा येतो? माझ्या मते भाषण नावाच्या कलेतलं सगळ्यात मोठं कोडं हेच आहे. आणि त्याचं उत्तर सापडण्यासारखं आहे, कारण त्या भाषणामागच्या बहुतेक पायऱ्या आज आपल्याला माहीत आहेत.

आदल्या संध्याकाळी वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलच्या लॉबीत किंग आणि त्यांचे सल्लागार बसले होते. प्रत्येकाचं मत वेगळं. वायट वॉकर या सहकाऱ्याचं म्हणणं होतं, ते स्वप्नाचं यावेळी नको, फार वेळा झालंय, गुळगुळीत झालंय. क्लॅरन्स जोन्स हे वकील सगळ्यांचं टिपून घेत होते. त्यांनी आणि किंग यांचे आणखी एक सल्लागार स्टॅन्ली लेव्हिसन यांनी एक मसुदाही आधी तयार केलेला होता. किंगनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, कागद उचलले आणि आपल्या खोलीत गेले. तिथे ते पहाटेपर्यंत लिहीत, खोडत बसले.

दुसऱ्या दिवशी भाषण सुरू झालं तेव्हा जोन्स थोडं मागे उभे होते. सुरुवातीचे परिच्छेद जवळजवळ आपल्याच शब्दांत येताहेत हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटलं. न वटलेल्या चेकची कल्पनाही त्यांचीच होती, आणि तिची जन्मकथा त्यांनी पुढे स्वतः सांगितली आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या आंदोलनात शेकडो माणसं तुरुंगात होती आणि जामिनाला पैसे नव्हते. न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्याकडून मदत मिळाली. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेची तिजोरी उघडण्यात आली, आणि रोख एक लाख डॉलर हातात देण्याआधी जोन्स यांच्याकडून वचनचिठ्ठीवर सही घेतली गेली. ती वचनचिठ्ठी त्यांच्या डोक्यात घर करून राहिली. चार महिन्यांनी ती भाषणात उतरली: देशाने घटनेत सर्वांना समान हक्कांची वचनचिठ्ठी लिहून दिली, आणि काळा माणूस ती घेऊन गेला तेव्हा खात्यात पुरेशी शिल्लक नाही म्हणून परत पाठवली.

ही प्रतिमा एवढी का चालली, याचा विचार करण्यासारखा आहे. त्या मैदानात घटनेचा अभ्यास केलेले किती असतील कोण जाणे, पण चेक न वटण्याचा अपमान काय असतो हे प्रत्येकाला ठाऊक होतं. ‘विषमता’, ‘अन्याय’, ‘वंचना’ हे शब्द कानावरून निघून जातात. बँकेच्या खिडकीतून परत आलेला कागद डोळ्यांपुढे उभा राहतो. शिवाय त्यात एक मागणी दडलेली आहे. चेक देणाऱ्याकडे भीक मागायची नसते, आपलं घेणं मागायचं असतं.

इथपर्यंत सगळं कागदावर होतं. मग व्यासपीठाजवळ बसलेल्या महालिया जॅक्सन यांनी हाक दिली. या गॉस्पेल गायिका किंग यांच्या आधी गाऊन बसल्या होत्या. त्यांना ते स्वप्नाचं सांगा, असं त्या मोठ्याने म्हणाल्या. जोन्स यांनी पाहिलं की किंगनी कागद बाजूला सरकवले, उभं राहण्याची ढब बदलली. जोन्स शेजारच्या माणसाला म्हणाले की, या लोकांना कल्पना नाही, पण आता हे सगळे चर्चमध्ये जाणार आहेत.

चर्चमध्ये, हे त्यांनी अगदी अचूक म्हटलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये प्रवचन एकट्याने होत नाही. धर्मोपदेशक एक वाक्य टाकतो, समोरून होकार येतो, कुणी ‘हो’ म्हणतं, कुणी देवाचं नाव घेतं, कुणी ‘सांगा, सांगा’ म्हणून पुढे ढकलतं. त्या होकारावर पुढच्या वाक्याची लय ठरते. मराठी कानाला हे कळायला वेळ लागू नये. वारकरी कीर्तनात बुवा अभंगाचा एक चरण घेऊन त्याचं निरूपण करतात, मागे उभे टाळकरी तो चरण उचलतात, मृदंग चढतो, आणि तेवढ्या अवधीत बुवांना श्वास मिळतो, पुढचं प्रमाण आठवायला उसंत मिळते. ध्रुपदाकडे परत येणं ही तिथे नुसती शोभा नसते. ऐकणाऱ्याला पुन्हा धागा सापडतो आणि बोलणाऱ्याला पुढची उडी घ्यायला जमीन सापडते.

किंगनी त्या पाच मिनिटांत हेच केलं. ‘आय हॅव अ ड्रीम’ हे त्यांचं ध्रुपद. ते आठ वेळा आलं, आणि बहुतेक वेळी त्याच्या पाठीवर एक नवं चित्र: जॉर्जियाच्या लाल टेकड्यांवर एका मेजाभोवती बसलेले माजी गुलामांचे आणि माजी मालकांचे मुलगे, मग मिसिसिपी, मग त्यांची स्वतःची चार मुलं. ध्रुपद म्हणायला दोन सेकंद लागतात. तेवढ्या दोन सेकंदांत मनात पुढचं चित्र उचलून आणता येतं. लोक ज्याला प्रभावी पुनरुक्ती म्हणतात, ती बोलणाऱ्याची सोयही असते, आणि ही सोय हजारो वर्षं मौखिक परंपरांनी घासूनपुसून तयार केलेली आहे.

आणि एकूण भाषणातली प्रमाणं? ती आली बायबलमधल्या आमोस आणि यशया या संदेष्ट्यांकडून, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातून, अमेरिकन शाळांत मुलं म्हणत आलेल्या एका देशभक्तिपर गाण्यातून. शेवटचा, डोंगराडोंगरांवरून स्वातंत्र्याचा घंटानाद करणारा भाग शिकागोचे आर्चिबाल्ड कॅरी यांनी 1952 साली रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात केलेल्या भाषणाशी खूप मिळताजुळता आहे. काळ्या धर्मोपदेशकांच्या परंपरेत हे चालत आलेलं होतं. चांगली मांडणी एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जायची आणि प्रत्येक जण तिला आपला सूर द्यायचा.

स्वप्नाचाही असाच प्रवास झालेला दिसतो. 1962 च्या सप्टेंबरमध्ये जॉर्जियातल्या एका ग्रामीण भागात काळ्यांचं चर्च जाळण्यात आलं. त्यानंतरच्या प्रार्थनासभेत प्रेथिया हॉल नावाच्या तरुण कार्यकर्तीने प्रार्थना केली आणि तीत ‘माझं एक स्वप्न आहे’ असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली, असं तिथे हजर असलेल्यांनी सांगितलं आहे. किंग त्या सभेत होते. त्याच वर्षी 27 नोव्हेंबरला नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंट गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत त्यांनी स्वप्नाचा हा भाग बोलून दाखवला. त्याची ध्वनिफीत पुढे एका ग्रंथालयात सापडली आणि 2015 साली लोकांना ऐकायला मिळाली. 1963 च्या 23 जूनला डेट्रॉइटमध्ये प्रचंड मोर्चानंतर त्यांनी तो पुन्हा सांगितला. म्हणजे वॉशिंग्टनला येईपर्यंत हा मजकूर त्यांच्या जिभेवर कित्येकदा फिरून आलेला होता. कुठे टाळी येते, कुठे शांतता पसरते, कोणतं वाक्य लांबतं, हे त्यांना श्रोत्यांनीच शिकवलं होतं. वॉकर ‘गुळगुळीत’ म्हणाले ते खरंच होतं. पण त्या गुळगुळीतपणामुळेच तो मजकूर कागदाशिवाय हाती आला.

मला या साऱ्यात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: आपण ज्याला उत्स्फूर्त म्हणतो, ते बहुतेक वेळा फार जुन्या तयारीचं फळ असतं. त्या दिवशी उत्स्फूर्त काय होतं? तो भाग आत्ता, इथे आणायचा हा निर्णय. तो काही सेकंदांत घेतला गेला. बाकी सगळं आधी घडलेलं होतं.

तयारी म्हणजे किती, याचा एक जवळून पाहण्यासारखा प्रसंग खुद्द किंगनीच 1958 सालच्या ‘स्ट्राइड टोवर्ड फ्रीडम’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. माँटगमेरीच्या चर्चमध्ये रविवारच्या प्रवचनासाठी ते साधारण पंधरा तास तयारी करत. 5 डिसेंबर 1955 रोजी वर्णभेदाविरुद्ध पुकारलेल्या शहर बसवरच्या बहिष्काराचा पहिला दिवस यशस्वी झाला, आणि त्याच संध्याकाळी होल्ट स्ट्रीटच्या चर्चमध्ये मुख्य भाषण त्यांना करायचं होतं. वय सव्वीस. हातात वेळ वीस मिनिटं. भीतीने त्यांचा ताबा घेतला; घड्याळाकडे पाहिलं तर पाच मिनिटं नुसती गेलेली. मग त्यांनी प्रार्थना केली आणि उरलेल्या पंधराएक मिनिटांत टिपणाला बसले.

त्यांनी तेव्हा काय केलं ते पाहा. सुंदर वाक्यं जमवली नाहीत. त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारला: लोकांना लढायला उभं करील इतकं हे भाषण तिखट असावं, आणि त्यांचा संताप हिंसेकडे जाणार नाही इतकं ते संयत असावं, हे दोन्ही एकत्र कसं जमेल? तो प्रश्न मनात पक्का झाला, आणि दोन्ही टोकं एकत्र धरायची असं ठरलं. मग ते कागदाशिवाय उभे राहिले. बाहेर रस्त्यावर ध्वनिक्षेपकांसमोर हजारो माणसं उभी होती. त्या रात्री बहिष्कार चालू ठेवण्याचा निर्णय झाला, आणि तो वर्षाहून अधिक काळ टिकला.

याच माणसाला क्रोझर धर्मविद्यालयात वक्तृत्वाच्या विषयात ‘सी’च्या आसपास श्रेणी मिळाली होती, हेही इथेच सांगितलं पाहिजे. आपल्याकडे शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांत मुलांना आधी हातवारे शिकवतात, आवाज कुठे चढवायचा त्याच्या खुणा करून देतात, आणि मजकूर दुसराच कुणी लिहून देतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. ज्या मुलाला काय सांगायचंय हे ठाऊक नाही त्याचा हात कितीही वर गेला तरी ऐकणाऱ्यापर्यंत काही पोचत नाही. किंग यांचं चित्रण पाहा. बराच वेळ त्यांचे हात दिसतही नाहीत. उजवा हात उंच जातो तो थेट शेवटाला.

आता थोडं आवाजाबद्दल, कारण इथे शरीरच थक्क करून सोडतं. आपल्या गळ्यात जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांबीच्या दोन घड्या असतात, त्यांना आपण स्वरतंतू म्हणतो. पुरुषाच्या बोलण्यात त्या सेकंदाला साधारण शंभर ते दीडशे वेळा एकमेकींवर आपटतात, बाईच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. सतरा मिनिटांच्या भाषणात, मधले विराम वजा केले तरी, हा आकडा लाखाच्या घरात जातो. फुप्फुसांतून येणारी हवा त्यांना हलवते, आणि घसा, तोंड, नाक त्या कंपनांना स्वर आणि व्यंजनं बनवतात. म्हणून आवाजाचा प्रश्न हा खरं तर श्वासाचा प्रश्न असतो. भीती वाटली की श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, गळ्याचे स्नायू ताठरतात, आवाजाची पट्टी वर चढते, लाळ कमी होऊन जीभ टाळूला चिकटते. हृदय जोरात धडधडतं. हे सगळं संकटात पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी शरीराने केलेलं काम आहे, आणि सभेपुढे उभं राहणं हेही त्याला संकटच वाटतं. सावकाश, लांबवून सोडलेला उच्छ्वास हृदयाची गती खाली आणतो. बोलायला उभं राहण्याआधी असे चार-पाच उच्छ्वास सोडले तर फरक पडतो, कारण त्याचा परिणाम थेट मज्जातंतूंवर होतो.

नुसता आवाज किती दूर जातो, याचा एक सुरेख प्रयोग बेंजामिन फ्रँकलिनने केला होता. 1739 च्या सुमाराला जॉर्ज व्हाइटफिल्ड हा इंग्रज धर्मोपदेशक फिलाडेल्फियात न्यायालयाच्या पायऱ्यांवरून उघड्यावर बोलत होता. तो हजारोंना ऐकू जातो या बातम्यांवर फ्रँकलिनचा विश्वास नव्हता. म्हणून तो रस्त्याने नदीच्या दिशेने मागे मागे चालत गेला आणि शब्द जिथे अस्पष्ट झाले तिथे थांबला. तेवढ्या अंतराची त्रिज्या धरून त्याने अर्धवर्तुळ कल्पिलं, माणशी दोन चौरस फूट जागा दिली, आणि हिशेब निघाला तीस हजारांहून जास्त. त्याला बातम्या पटल्या.

वॉशिंग्टनमध्ये मात्र नुसत्या गळ्याने भागणार नव्हतं. अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता एक चतुर्थांश होते. स्मारकासमोरचा जलाशयच सहाशे मीटर लांब आहे; ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे पायऱ्यांवरचा शब्द पाण्याच्या पलीकडच्या टोकाला पोचायला निदान पावणेदोन सेकंद. मोर्चाचे संयोजक बायर्ड रस्टिन यांनी उत्तम ध्वनियंत्रणेसाठी हट्ट धरला आणि तिच्यावर भरपूर पैसे खर्च केले. ज्यांना ऐकू येत नाही त्या लोकांत शिस्त राहत नाही, असं त्यांचं मत होतं. आदल्या दिवशी कुणीतरी ती यंत्रणा मोडून ठेवली. शेवटी अमेरिकन लष्कराच्या सिग्नल विभागाला बोलावून ती दुरुस्त करून घेण्यात आली. महान भाषणांच्या कथांत हा भाग सहसा सांगितला जात नाही, पण ते तंत्रज्ञ रात्री आले नसते तर त्या दिवशी स्वप्नाचं फक्त पुढच्या रांगांना ऐकू आलं असतं.

आणि वेग. ते भाषण सतरा मिनिटांच्या आसपासचं आहे, शब्द सोळाशे-साडेसोळाशे. म्हणजे मिनिटाला जेमतेम शंभर. साध्या गप्पांत इंग्रजी बोलणारा माणूस मिनिटाला दीडशेच्या पुढे जातो. सुरुवात तर याहूनही संथ आहे. वाचणारा अडला की ओळ पुन्हा वाचतो, पान मागे उलटतो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. एक वाक्य निसटलं आणि त्यावर विचार करत राहिला की पुढची दोन निसटतात. म्हणून बोलणाऱ्याला त्याच्यासाठी थांबावं लागतं. बोलणाऱ्याला दोन सेकंदांचा विराम युगासारखा वाटतो, ऐकणाऱ्याला मात्र तो जाणवतही नाही. तो तेवढ्या वेळात आत्ताच ऐकलेलं मनात लावून घेत असतो.

तुमच्यावर निरोप समारंभात, शोकसभेत, मुलीच्या लग्नात किंवा सोसायटीच्या सभेत बोलायची वेळ आली तर यातलं बरंच काही तसंच उपयोगी पडेल. आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: हे ऐकून उठताना या लोकांच्या मनात नेमकं काय राहावं? उत्तर एका वाक्यात येईपर्यंत पुढे जाऊ नका. मग त्या वाक्यासाठी एक अशी वस्तू किंवा प्रसंग शोधा, जो समोरच्यांनी स्वतः अनुभवला असेल. लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण उभं राहून मोठ्याने म्हणून पाहा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा, जिथे जीभ अडखळते तो शब्द बदला. एखाद्या माणसाला बसवून ऐकवा आणि त्याचा चेहरा कुठे विझतो ते लक्षात ठेवा. सुरुवातीची दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य पाठ असू द्या. माइक आधी तपासा. आणि एखादी गोष्ट तुम्ही वर्षानुवर्षं घरात, मित्रांत सांगत आला असाल, तर ती जुनी झाली म्हणून टाकून देऊ नका.

किंग यांच्या भाषणाचं ध्वनिमुद्रण सहज मिळतं. शांतपणे, दुसरं काही न करता ऐका. अकरा-बारा मिनिटं झाली की आवाज वाचणाऱ्याचा राहत नाही, सांगणाऱ्याचा होतो. तो सांधा तुमच्या कानाला नेमका कुठे लागतो, ते शोधा.